ऑर्किडवरचा पांढरा कापूस पुसला तरी परत येतोय? मग हे क्रमाने बघा

गेल्या रविवारी परत एक कुंडी आमच्या पडवीत येऊन बसली. शेजारच्या वहिनींचं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड, जांभळ्या फुलांचं, मुलीच्या साखरपुड्यात कुणीतरी भेट दिलेलं. वहिनी म्हणाल्या, "ताई, तीनदा पुसलं, दोनदा औषध मारलं, पंधरा दिवस झाले की परत तसंच. आता टाकूनच देते." मी म्हटलं, ठेवा इथे महिना-दीड महिना, मग बघू टाकायचं की काय ते.

हे "परत तसंच" मी इतक्या जणांकडून ऐकलंय आणि माझ्या स्वतःच्या झाडांवर इतक्या वेळा निस्तरलंय की आता एकदा सगळं लिहूनच ठेवते. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो, समुद्र चालत दहा मिनिटांवर, कौलारू घर, पुढे पडवी, मागे माड-पोफळी आणि कुंपणाला जास्वंद. त्यामुळे मी सांगते ते आपल्या कोकणच्या हवेतलं आहे. पावसाळ्यात चार महिने सगळं ओलं आणि ऑक्टोबरात एकदम ऊन तापतं, हे दोन्ही टोकांचं ऑर्किडला सोसावं लागतं आणि कीडही त्याच हिशोबाने बदलते.

सुरुवातीलाच एक सांगते. बहुतेक वेळा कीड "परत" आलेली नसते, ती तिथेच कुठेतरी लपून बसलेली असते आणि आपण फक्त दिसली तेवढी पुसलेली असते. त्यामुळे कुठलं औषध मारू हा प्रश्न नंतर, आधी ती राहते कुठे ते शोधायचं.

लक्षणं काय दिसतात

सगळ्यात जास्त येतो तो पिठ्या ढेकूण. पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्यात, पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेला लागून, फुलाच्या दांड्याच्या पेरावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. लोकांना आधी बुरशी वाटते. सुईच्या टोकाने हलकेच उचकटून बघा, आत गुलाबट-करड्या रंगाचा, अंगावर पीठ उधळल्यासारखा किडा असेल तर तो पिठ्याच. सोबत पानं चिकट लागतात आणि त्या चिकट्यावर काळी काजळी धरते. आंब्यावर तुडतुडा पडला की पानं कशी काळी होतात ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय, इथे प्रकार तोच, कीड रस पिते, गोड चिकट पाणी बाहेर टाकते आणि त्या गोडावर बुरशी वाढते.

दुसरी खवले कीड. ही किडा वाटतच नाही, पानावर तपकिरी किंवा मळकट पांढऱ्या टिकल्या चिकटवल्यासारख्या दिसतात. नखाने खरवडली की टिकली निघते. न निघाली आणि पानाचाच डाग असला तर ती खवले कीड नाही, पुढे जा.

तिसरा लाल कोळी. डोळ्यांना नीट दिसत नाही. पानाचा वरचा चकाकता हिरवा रंग जाऊन बारीक चंदेरी ठिपके येतात, पान धुळकट वाटतं आणि पुसूनही तसंच राहतं. हा पावसात क्वचित, ऑक्टोबरपासून आणि मग फेब्रुवारी ते मे पत्र्याखाली टांगलेल्या झाडांवर किंवा एसीच्या खोलीत ठेवलेल्यांवर हमखास.

फुलकिडे असले तर कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात, उमललेल्या फुलांवर पांढुरके ओरखडे आणि काळे ठिपके. आणि भर पावसात मुळांची हिरवी टोकं एका रात्रीत कुरतडलेली दिसली, बाजूला वाळलेला चकचकीत माग दिसला, तर ते कीटक नाहीतच, गोगलगाय आहे. तिच्यासाठी औषध नको, रात्री नऊ-दहाच्या सुमारास टॉर्च घेऊन कुंडीच्या खालच्या बाजूला बघा आणि वेचून काढा. काकडीची चकती ठेवली तर त्याखाली जमतात, वेचणं सोपं जातं. तेवढंच.

कुंडीभोवती काळी बारीक चिलटं उडत असतील तर ती झाडाला फार काही करत नाहीत, पण आतलं मिश्रण कुजायला लागलंय असं समजा. ते पुढे येतंच.

१. झाड बाजूला काढा (खर्च शून्य)

पहिलं काम हे आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. पिठ्याची मादी उडत नाही, पण तिची अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं भरपूर चालतात, एका पानावरून शेजारच्या पानावर सहज जातात आणि वाऱ्यानेही जातात. आजारी झाड बाकीच्यांना खेटून ठेवून तुम्ही एकावर औषध मारत बसलात तर ते शेजाऱ्यांकडे जाऊन राहतात आणि तुम्ही पुसून दमलात की परत येतात. दोन-तीन हात लांब, वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. नवीन आणलेलं झाडसुद्धा तीन आठवडे तरी वेगळंच ठेवा, कितीही स्वच्छ दिसलं तरी. एका दुकानातून मी अगदी टवटवीत झाड आणलं होतं, त्याच्या खालच्या वाळक्या सालीत पिठ्या भरलेला निघाला आणि माझी जुनी चार झाडं त्याने धरली, तेव्हापासून मी हा नियम मोडत नाही.

२. नीट बघा, टॉर्च आणि पांढरा कागद

दिवसाउजेडीसुद्धा टॉर्च लावा, मोबाईलचा चालतो. खालपासून वर जायचं. डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडच्या कांड्यांवर पातळ वाळकी साल असते, कागदासारखी, तिच्या आत बघा. फॅलेनॉप्सिसला सगळ्यात खालच्या पानाच्या बेचक्यात आणि पोंग्याजवळ, म्हणजे मधल्या वाढत्या कोंबाशी बघा. मग कुंडीची कड, कडेच्या आतली बाजू, टांगायच्या तारेचा पीळ, खालची भोकं. वहिनींच्या कुंडीत पानांवर फक्त दोन ठिकाणी कापूस होता, पण प्लास्टिकची कुंडी उलटी केली तर तळाच्या भोकांच्या कडेने पांढरी रांगोळी घातल्यासारखी रेघ होती. तीनदा पुसलं ते सगळं वरचं, खालचं कुणी बघितलंच नव्हतं.

लाल कोळ्याची शंका असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके अर्ध्या मिनिटाने हलायला लागले तर कोळी. किंवा पांढरं फडकं ओलं करून पानाची खालची बाजू पुसा, तपकिरी-लालसर रेघ उमटली तरी तेच समजा.

इथे दोन गोष्टींत लोक फसतात. एक म्हणजे फुलाच्या दांड्यावर, कळीच्या देठाशी साखरेच्या पाकासारखे स्वच्छ पारदर्शक थेंब येतात, ते बरेचदा झाड स्वतःच सोडतं. टॉर्चने बघून जवळपास किडा नाही, काजळी नाही, पान छान आहे, तर ओल्या फडक्याने पुसा आणि सोडून द्या, औषध मारू नका. दुसरं म्हणजे पिठ्यासारखाच पांढऱ्या दोऱ्यांचा, पण आकाराने मोठा आणि भराभर चालणारा किडा दिसला तर थांबा, तो पिठ्या खाणाऱ्या ढालकिड्याची अळी असू शकते. क्रिप्टोलेमस नावाचा हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला. पिठ्या हात लावल्यावर जेमतेम सरकतो, ही अळी तुरुतुरु पळते. दिसली तर तिला राहू द्या, ती तुमचं काम करतेय.

३. मुंग्या कुठून येतात ते शोधा

हे मी मुद्दाम औषधाच्या आधी लिहितेय, कारण कीड वारंवार येण्याचं आमच्या घरातलं खरं कारण हेच निघालं.

पडवीच्या खांबाला माझं एक पांढरं डेंड्रोबियम टांगलेलं होतं. जवळजवळ वर्षभर त्याच्यावर पिठ्या. पुसायचा, फवारायचा, महिना बरा जायचा, परत. कुंडी बदलली, मिश्रण बदललं, तरी परत. एक दिवस संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला मी खांबाशी उभी होते तर मुंग्यांची रांग दिसली, अगदी बारीक, तारेवरून खाली, खांबावरून कपडे वाळत घालायच्या दोरीवर, दोरीवरून सरळ पलीकडे कुंपणातल्या जास्वंदीवर. जास्वंदीपाशी जाऊन शेंडे उलटे केले तर एकेक शेंडा पांढरा, आकसलेला, पानं चुरगळलेली. वर्षभर मी पडवीत पुसत होते आणि सगळं मूळ तिकडे कुंपणात होतं.

मुंग्यांना पिठ्याचं ते गोड पाणी हवं असतं म्हणून त्या त्याला राखतात, त्याच्यावर येणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात आणि पिल्लं उचलून नव्या जागी नेतात. मुंग्या चालू आहेत तोवर कुठलंही औषध अर्धंच काम करतं. म्हणून रांग दिसली की उलटी चालत जा, शेवटपर्यंत. आपल्याकडे जास्वंद, पेरू, कढीपत्ता, सीताफळ ही पिठ्याची ठरलेली घरं. जास्वंदीचे धरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका, तिथेच खाली टाकू नका. दोरी, वेल, भिंतीला टेकलेलं पान, असा कुठलाही पूल ठेवू नका.

कुंडी स्टँडवर असेल तर जुन्या घरांत दुधा-तुपाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे ना, तेच करा. पाणी मात्र दर तीन दिवसांनी ओतून देऊन नवं भरा, नाहीतर डास होतील. टांगलेल्या कुंडीच्या तारेला मध्ये थोडं व्हॅसलिन लावलं तरी मुंग्या अडतात, धूळ बसली की परत लावावं लागतं एवढंच.

४. साध्या पाण्याने धुवा

अजूनही एक रुपया खर्च नाही. सकाळी नऊच्या आत, झाड आडवं धरून पानांची खालची बाजू नळाच्या धारेखाली बोटांनी चोळून धुवा. लाल कोळी आणि मावा यानेच निम्म्याहून जास्त जातो, कोळ्याला तर ओलावा आवडतच नाही. सकाळी अशासाठी की संध्याकाळपर्यंत सगळं सुकलं पाहिजे.

आणि एक सांभाळायचं, फॅलेनॉप्सिसच्या पोंग्यात पाणी साठू द्यायचं नाही. धुऊन झालं की टिश्यू पेपरचा कोपरा पिळून मध्ये घाला, सगळं पाणी शोषून घ्या. माडाचा पोंगा कुजला की माड गेला, फॅलेनॉप्सिसचंही अगदी तसंच आहे, त्याला वाढायचा कोंब एकच. किडीने मेलेली ऑर्किडं मी कमी बघितली, कीड घालवायच्या नादात भिजवून भिजवून पोंगा कुजवलेली जास्त बघितली.

५. स्पिरिट आणि कापूस

मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, छोटी बाटली पुरते. सॅनिटायझरची जेल नको, तिच्यात ग्लिसरीन आणि वास घातलेला असतो. इअरबड बुडवायचा, बाटलीच्या कडेला टेकवून थोडा निथळायचा आणि एकेका पिठ्यावर टेकवून दोन-तीन सेकंद धरायचा. त्याच्या अंगावरचं मेण विरघळतं, पांढरा होता तो एकदम तांबूस दिसायला लागतो, मग बड गोल फिरवून उचलून घ्यायचा. नुसतं मेण असल्यामुळे पाण्याची औषधं त्याच्यावरून ओघळून जातात, म्हणून इथे स्पिरिट लागतं. बेचक्यात बड जात नसेल तर काडीला कापसाची अगदी बारीक वात गुंडाळा. डेंड्रोबियमची वाळकी साल चिमट्याने सोलून काढा, हिरवी असेल तर ओढू नका.

खवले कीड असेल तर आधी स्पिरिट लावून मिनिटभर थांबा, मग जुन्या मऊ टूथब्रशने शिरेच्या दिशेने घासा. नुसतं खरवडलं तर खालची अंडी पानभर पसरतात.

आधी एका पानाच्या कोपऱ्यावर लावून दोन दिवस बघा, काही झाडांना डाग पडतो. उन्हात लावायचं नाही, मुळांवर ओतायचं नाही. आणि स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे गॅसजवळ किंवा देवघरात समई चालू असताना त्या खोलीत हे काम करायचं नाही, मुलांच्या हाती बाटली द्यायची नाही.

हे झालं की कॅलेंडरवर खूण करा. सात दिवसांनी परत, मग परत सात, परत सात, असं चार वेळा, किडा दिसो न दिसो. पिठ्याची एक मादी कापसाच्या पिशवीत काही शे अंडी घालते, ती अंडी आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात आणि आपल्या उबदार हवेत साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. एकदा पुसलं की मोठे मेले, अंडी राहिली. वहिनींचं जे "पंधरा दिवस झाले की परत" होतं, ते हेच. तिसऱ्या आठवड्याला झाड स्वच्छ दिसतं आणि माणूस सोडून देतो, तिथेच सगळं फसतं.

६. साबण आणि कडुनिंब

पानं जास्त असतील, कीड सगळीकडे पसरलेली असेल तर फवारणी. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली सौम्य लिक्विड सोप, भांडी घासायचा कडक नको, त्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल हळूहळू ढवळत घाला, दुधासारखं एकजीव झालं पाहिजे. तेल वर तरंगत असेल तर मारू नका, पानं भाजतात. बाजारातलं तयार निंबोळी अर्काचं औषध घेतलंत तर प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढंच, त्यात चमचाभर जास्त नाही. बनवलेलं त्याच दिवशी संपवायचं. ऊन उतरल्यावर, पण रात्र पडायच्या आत सुकेल अशा बेताने मारा, पानाच्या खालून वर. पोंगा टाळा, फुलं असतील तर फुलं टाळा, डाग पडतात.

साबण-तेल किड्याच्या अंगावर पडलं तरच काम करतं. पानावर पडून नंतर येणाऱ्याला मारत नाही, म्हणून इथेही आठवड्याचा तोच हिशोब. ऐन पावसात, हवा कोंदलेली असते तेव्हा मी हे टाळते, पान सुकतच नाही आणि मग बुरशी येते. जुलैत मी स्पिरिट-कापसावरच भागवते आणि पडवीतला पंखा तासभर चालू ठेवते.

या महिन्याभरात खत बंद. आजारी आहे म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) घालू नका, कोवळा लुसलुशीत फुटवा येतो आणि किडीला तेच हवं असतं.

७. कुंडीतून बाहेर काढा

एवढं करून चौथ्या आठवड्यानंतरही कीड दिसली, किंवा पानं मऊ पडून सुरकुतत चालली आणि पाणी घालूनही ताठ होत नाहीत, तर मुळं बघायची वेळ आली. हे शेवटी ठेवलं कारण झाडाला याचा धक्का बसतो आणि फुलं असली तर जातात.

कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मुळं लवचिक होतात आणि कमी तुटतात. मग हळू बाहेर ओढा. चांगलं मूळ ओलं असताना हिरवट, कोरडं असताना चांदीसारखं पांढरं आणि दाबलं तर टणक. कुजलेलं तपकिरी, बोटांत दाबलं की साल निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. मुळांच्या गुंत्यात पांढरी पावडर सांडल्यासारखी दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या, वर कितीही पुसलंत तरी खाली हा होताच.

वहिनींच्या झाडाच्या बरोबर मध्यभागी, मुळांच्या खाली, लिंबाएवढा शेवाळाचा गोळा निघाला. रोप लहान असताना ट्रेमध्ये त्यातच वाढवतात आणि विकताना तसंच मोठ्या कुंडीत ठेवून देतात. बाहेरचं सालीचं मिश्रण कोरडं ठणठणीत, पण तो गोळा पिळला तर पाणी टपकलं. आसपासची मुळं काळी पडलेली आणि कोरड्या बाजूला पिठ्या. बाहेरून बघून कुणाला कळणार. दुकानातून आणलेल्या प्रत्येक झाडाचा असा गोळा मी फुलं संपली की काढूनच टाकते.

जुनं मिश्रण सगळं फेकायचं, थोडंसुद्धा परत वापरायचं नाही. मुळं नळाखाली धुवा, कुजलेली कापा. कात्री प्रत्येक झाडाआधी ज्योतीवर धरून तापवून घ्या, स्पिरिट पुसून सुकल्यावरच, ओल्या स्पिरिटवर आगकाडी नको. हे मी आग्रहाने सांगते कारण ऑर्किडचे दोन विषाणू, सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट, मुख्यतः कात्री-सुरीवरूनच एका झाडातून दुसऱ्यात जातात. मग साबणाच्या पाण्यात, वर सांगितलं त्याच प्रमाणात, मुळं दहा मिनिटं बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाऱ्यावर दिवसभर उघडी सुकू द्या. कापलेल्या पानाच्या जागी दालचिनीची पूड लावली तर चालते, मुळांना मात्र लावू नका, ती सुकून जातात.

भरायला काय? आपल्याकडे लोक नारळाचं सोडण भरतात, फुकटचं मिळतं म्हणून. उन्हाळ्यात ठीक आहे, पण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पावसाळ्याच्या हवेत सोडण सुकतच नाही, दोन पावसांत कुजून भुसा होतं. मी लाकडी कोळशाचे तुकडे आणि फुटक्या मंगलोरी कौलांचे सुपारीएवढे तुकडे निम्मे-निम्मे घेते, वर मूठभर सोडणाचे तुकडे, तेही चार दिवस पाणी बदलत भिजवून. माती आणि शेणखत अजिबात नको. मुंग्या तिथेच घर करतात, आणि या ऑर्किडांची मुळं झाडाच्या सालीवर हवेत वाढणारी आहेत, मातीत गुदमरतात. आपल्या रानात आंब्या-फणसावर मे-जूनला सीतेची वेणी फुलते ती बघा, तिच्या मुळाशी माती असते का? (ती उपटून घरी आणू नका हो. घरी बहुतेक वेळा जगत नाही आणि रानातून एकेक कमी होत चाललीये.)

कुंडी लहानच घ्या, मुळं बसतील एवढीच, भरपूर भोकांची. जुनीच वापरायची तर गरम पाणी आणि साबणाने घासून उन्हात तापवा. लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही, मग मूळ चंदेरी झालं की द्यायचं. पावसाळ्यात पडवीत ठेवा पण पागोळ्यांखाली नको.

आंब्याच्या औषधाबद्दल

हे वेगळं लिहायलाच हवं. आपल्याकडे घरोघरी आंब्याच्या फवारणीचं औषध उरलेलं असतं आणि "थोडं मारून बघू" हा मोह होतो. आमच्या नात्यातल्या एका मामांनी पडवीतल्या ऑर्किडवर पंपात उरलेलं मारलं, दारं-खिडक्या उघड्या, आत लहान मूल, दोन तासांत मामींचं डोकं भणभणायला लागलं आणि मळमळ सुरू झाली, शेवटी डॉक्टरकडे न्यावं लागलं. झाडाची पानंही भाजली ती भाजलीच. ती औषधं बागेत, मोकळ्यावर, मास्क-हातमोजे घालून मारायची. घरात, जिथे जेवतो-झोपतो तिथे ती मारू नका. चुकून कुणाला त्रास झालाच तर घरगुती उपाय करत बसू नका, औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.

कुठे थांबायचं

फॅलेनॉप्सिसचा पोंगा काळा पडून मधलं पान हलकेच ओढल्यावर हातात आलं, तर किडीचे उपाय बंद करा. कधीकधी खोडाच्या बाजूने बाळरोप फुटतं, तेवढी वाट बघायची तर बघा.

पानावर पिवळे-काळे पट्टे, नक्षीसारखे, किंवा फुलाचा रंग फुटून डाग-पट्टे, आणि किडा कुठेच नाही, तर विषाणूची शंका घ्या. त्याला औषध नाही. झाड ताबडतोब लांब करा आणि जाणकाराला दाखवा. पक्कं झालं तर टाकावंच लागतं. वाईट वाटतं, पण बाकीची झाडं वाचतात.

मुळं धुऊन नवीन भरलं, मुंग्या तोडल्या, चार फेऱ्या पूर्ण केल्या आणि तरीही कीड आहे, किंवा एका वेळी आठ-दहा झाडं धरलीयेत, तर स्वतः अजून जहाल औषध शोधू नका. आपल्याकडे दापोलीला १९७२ पासूनचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, आणि आपल्या भागातलं कृषी विज्ञान केंद्र तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारलं की कळतं. तिथे नमुना नेऊन दाखवा. मुळांतून शोषली जाणारी औषधं घरातल्या झाडाला द्यायची की नाही, कुठली आणि किती, हे त्यांनी सांगितल्याशिवाय नाही.

जाताना सगळं झाड नेऊ नका, वाटेत बसमध्ये कीड पसरते. किडीसकट एक पान आणि एक मूळ, दोन वेगळ्या पिशव्यांत, तोंड घट्ट बांधून, आत ओला कापूस न घालता, कारण ओल्याने पान वाटेतच कुजतं आणि मग ओळखता येत नाही. सोबत मोबाईलमध्ये पूर्ण झाडाचा, पानाच्या खालच्या बाजूचा आणि मुळांचा फोटो. आणि कागदावर लिहून न्या, काय काय मारलं, कोणत्या तारखेला, किती मिली. त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

वहिनींच्या झाडाची काल पहिली फेरी झाली. सहा मुळं शाबूत आहेत, तीन पानं, पोंगा हिरवा. पुढचा रविवार कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलाय, आणि त्यांच्या दाराशीही एक जास्वंद आहे, ती उद्या सकाळी बघायला जायचंय.